कचरा डेपोजवळच्या भूजलाचे तपासणी अहवाल कसे मागवायचे? माहिती अधिकार अर्जाची पूर्ण माहिती

कचरा डेपोच्या कडेला ज्यांचं घर किंवा शेत आहे, ते बहुतेक वेळा अर्जात थेट विचारतात, "आमच्या विहिरीचं पाणी खराब झालंय का?" प्रश्न रास्त आहे, पण अशा अर्जावर हाती काही पडत नाही. माहिती अधिकारात कार्यालयाच्या दप्तरी असलेली नोंद मिळते, अधिकाऱ्याचं मत मिळत नाही. म्हणून विहीरवार आकडे मागा, आणि एका वर्षाचे नको, निदान पाच वर्षांचे मागा.

महाराष्ट्रात या नोंदी दप्तरी असायलाच हव्यात. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे कचरा पुरण्याची जागा सुरू करण्याआधी तिथल्या भूजलाची मूळ स्थिती नोंदवून ठेवणं बंधनकारक होतं. पुढे हद्दीपासून ५० मीटरच्या आतल्या भूजलाची उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायची होती. जागा बंद झाल्यावरही किमान १५ वर्षं देखभाल करायची होती, आणि भूजलाची तपासणी तिचाच भाग.

अर्ज कोणीही भारतीय नागरिक करू शकतो. डेपोजवळ राहत असण्याची किंवा तिथे जमीन असण्याची अट नाही. अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर न करता स्वतःच्या नावाने करा. माहिती कशासाठी हवी हे सांगावं लागत नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं.

अर्ज महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या घनकचरा विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यायचा. दुसरा अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात द्या. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज ५ दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करावा लागतो हे खरं, पण दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करावा असं मी आग्रहाने सांगेन. पालिकेचे आकडे आणि मंडळाचे आकडे शेजारी ठेवले की पुष्कळ गोष्टी उघड होतात. आजूबाजूच्या विहिरींच्या पाणीपातळीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयालाही विचारता येतं.

कागदपत्रं फारशी लागत नाहीत. राज्याच्या माहिती अधिकार नियमांतल्या परिशिष्ट 'अ' नमुन्यातला अर्ज आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने त्याच्या पुराव्याची प्रत जोडावी, म्हणजे शुल्क लागत नाही. अर्ज हाती दिलात तर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. राज्य शासनाचं ऑनलाइन पोर्टलही आहे, तुमचं कार्यालय त्यात आहे का ते आधी पाहा.

राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. मजकूर असा लिहिता येईल (त्यातली निरीक्षण विहीर म्हणजे भूजल तपासण्यासाठी जमिनीत उतरवलेला पाइप):

"(जागेचं नाव) येथील कचरा डेपोच्या भूजल तपासणीबाबत १ एप्रिल २०२० पासून आजपर्यंतच्या पुढील नोंदींच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. (१) डेपो सुरू होण्यापूर्वीचा भूजल गुणवत्ता अहवाल, तो २०२० च्या आधीचा असला तरी. (२) निरीक्षण विहिरींची ठिकाणं आणि खोली दाखवणारा नकाशा. (३) प्रत्येक विहिरीचे प्रयोगशाळा अहवाल. (४) नमुना घेतल्याची तारीख, त्या दिवशीची पाणीपातळी आणि नमुना घेणाऱ्याची नोंद."

तिसरा मुद्दा सगळेच लिहितात, पण त्याला वजन येतं ते बाकीच्या तिघांमुळे. नकाशा नसेल तर कोणती विहीर डेपोच्या वरच्या अंगाला आणि कोणती उताराला हे कळत नाही. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, म्हणजे लीचेट, भूजलाच्या प्रवाहाबरोबर पुढे सरकतं. त्यामुळे वरच्या अंगाची विहीर तुलनेसाठी हवीच. नमुन्याची नोंद मागायची कारण निरीक्षण विहिरीच्या पाइपात पाणी महिनोन्‌महिने साचून राहतं. ते आधी उपसून टाकून ताज्या आलेल्या पाण्याचा नमुना घ्यावा लागतो, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही.

अहवाल हाती आले की शेवटच्या रकान्यातला 'मर्यादेत' हा शेरा वाचून थांबू नका. समजा, उताराच्या विहिरीत क्लोराइड लागोपाठच्या तीन उन्हाळ्यांत लिटरमागे ६०, ११० आणि १७० मिलिग्रॅम आलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २५० ची मर्यादा आहे, म्हणून तिन्ही अहवाल 'मर्यादेत'च राहतील. पण क्लोराइड मातीत अडकत नाही, विघटितही होत नाही, त्यामुळे लीचेटची चाहूल बहुधा तेच आधी देतं. वरच्या अंगाची विहीर ६० वरच असेल तर ही वाढ गंभीरपणे घ्या. तुलना मात्र उन्हाळ्याची उन्हाळ्याशीच करा. पावसाळ्यात पाणी वाढून आकडे उतरलेले दिसू शकतात.

प्रतींना पानामागे २ रुपये पडतात. प्रत्यक्ष पाहणीही मागता येते, अभिलेखांच्या पाहणीचा पहिला तास विनाशुल्क असतो. कायद्यात 'कामाची पाहणी'ही आहे, तेव्हा विहीर पाहायला जरूर जा. पाइपाला झाकण आणि कुलूप आहे का, तोंडाभोवतीचं काँक्रीट फुटलं आहे का ते बघा. फुटलं असेल तर वरचं घाण पाणी सरळ आत उतरतं आणि अहवालातला आकडा खोलवरच्या भूजलाचा राहत नाही.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करा. तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. सबळ कारण नसताना उशीर केल्यास आयोग अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो.

कधी उत्तर येतं, "सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही." निराश होऊन ते फाडून टाकू नका. बंधनकारक तपासणीच्या नोंदी दप्तरी नाहीत, हे त्या पत्रात कार्यालयाने स्वतःच्या सही-शिक्क्याने लिहून दिलेलं असतं. त्याची प्रत जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा आणि डेपोभोवतीच्या विहिरींचे नमुने तपासण्याची मागणी त्यातच करा.