संकेतस्थळांचे निषेधार्थ विद्रूपीकरण

सरकारविरोधी आंदोलनाला पाठिंबा म्हणून संकेतस्थळात चोरून शिरणे, त्याचे पहिले पान काढून तिथे आपला मजकूर, झेंडा किंवा चित्र लावणे, याला निषेधार्थ विद्रूपीकरण म्हणता येईल. बोलताना आपण ‘साइट डीफेस झाली’ एवढेच म्हणतो. असे करणारे गट स्वतःला हॅक्टिव्हिस्ट म्हणवतात. हॅक्टिव्हिझम हा शब्द १९९६ च्या सुमारास ‘कल्ट ऑफ द डेड काउ’ या अमेरिकी हॅकर गटातून आला. पान उघडण्याच्या विनंत्यांचा एकाच वेळी मारा करून साइट बंद पाडणे हा निराळा प्रकार. त्यात दुकानाचे शटर पडते; विद्रूपीकरणात दुकान उघडेच असते, पण पाटी दुसऱ्याची लागलेली असते.

आत शिरायला बहुधा फार मोठी करामत लागत नाही. जुने, अद्ययावत न केलेले सॉफ्टवेअर, सोपा पासवर्ड किंवा फोटो चढवण्यासाठी ठेवलेली आणि कोणतीही फाइल निमूट स्वीकारणारी खिडकी पुरते.

भारताला याची झळ लवकर लागली. मे १९९८ मधल्या पोखरण चाचण्यांनंतर जूनमध्ये ‘मिलवर्म’ या गटातली किशोरवयीन मुले ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या यंत्रणेत शिरली आणि त्यांनी संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र लावले. इंदुरातले ‘कॅट’ हे प्रगत तंत्रज्ञान केंद्रही अणुऊर्जा विभागाचेच. तिथे नोकरीला असलेली माणसे आमच्या ओळखीत होती, त्यामुळे ही बातमी घरचीच वाटली. पुढच्याच महिन्यात याच गटाने इतरांच्या साथीने तीनशेहून अधिक साइटवर अण्वस्त्रविरोधी मजकूर झळकवला. या साइट ब्रिटनमधल्या एकाच होस्टिंग कंपनीकडे, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर जागा देणाऱ्या कंपनीकडे, होत्या.

असा घाऊक फटका काय असतो, ते मी जवळून पाहिले आहे. रामबागेतल्या एका मराठी मंडळाची साइट मी सांभाळत असे. गणेशोत्सवाच्या तोंडावर एका सकाळी पाठांतर स्पर्धेचे वेळापत्रक गायब, आणि त्या जागी काळ्या पानावर हिरव्या अक्षरांत दूरच्या एका देशातल्या जनतेसाठी घोषणा. स्पर्धेला येणाऱ्या मुलांचे आईवडील फोनवर फोन करत होते. सामायिक सर्व्हर म्हणजे अनेक बिऱ्हाडांचा वाडा; एकाची कडी सैल निघाली की सगळ्यांच्या घरात शिरता येते. मी घाबरून सगळे पुसले आणि त्यासोबत लॉगही, म्हणजे कोण कधी आत आले याच्या नोंदीही, गेले. चोर कुठून आला, हे मग कधीच कळले नाही.

उठावाशी थेट जोडलेले ठळक उदाहरण सीरियाचे. ऑगस्ट २०११ मध्ये ‘अ‍ॅनॉनिमस’ या निनावी हॅक्टिव्हिस्टांच्या गटाने तिथल्या संरक्षण मंत्रालयाच्या साइटवर बाथ पक्षाच्या राजवटीपूर्वीचा झेंडा लावला. सोबतच्या मजकुरात लोकांना धीर दिला होता आणि सैनिकांना निदर्शकांच्या रक्षणासाठी पुढे येण्याचे आवाहन केले होते. लगेच तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष असद यांच्या समर्थक ‘सीरियन इलेक्ट्रॉनिक आर्मी’ने अ‍ॅनॉनिमसच्या ‘अ‍ॅनॉनप्लस’ या समाजमाध्यम साइटचे पान बदलले. माझ्या मते या प्रकाराचे बळ आणि दुबळेपण दोन्ही इथे दिसतात. जिथे वर्तमानपत्रे सरकारच्या मुठीत असतात, तिथे सरकारच्याच दारावर उमटलेले चार शब्द लोकांपर्यंत पोचतात. पण ते लिहिणारा बहुधा परदेशात सुरक्षित बसलेला असतो, आणि ‘यामागे परकीय हात आहे’ असे म्हणत सरकार लाठी उगारते ती रस्त्यावरच्या पोरांवर.

बदललेले पान सहसा काही तासांतच उतरवले जाते. २००२ पासून ‘झोन-एच’ या संग्रहात अशा पानांच्या प्रती जमा होत आल्या आहेत. त्यामुळे अभ्यासकांना साधन मिळाले, आणि काही गटांना आकडा वाढवण्याची चटकही लागली.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली अशा कृत्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सरकारने ‘संरक्षित’ ठरवलेल्या यंत्रणेत शिरल्यास कैद दहा वर्षांपर्यंत जाते. आंदोलनासाठी केले म्हणून कायद्यात वेगळी सवलत नाही. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावे लागते.