फळ्यावरचं रिजेक्शन

अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी काही वर्षं काढली. टाइम ऑफिसशेजारच्या फळ्यावर रोजचं रिजेक्शन, म्हणजे किती जॉब (मशीनवर केलेले भाग) बाद झाले ते, लिहिलं जाई. सोमवारी ९ जॉब, मंगळवारी १४, बुधवारी ८. मंगळवारी सुपरवायझरला झापलं की बुधवारी आकडा उतरायचा आणि साहेब खूश. खरं तर फार वाईट दिवसानंतरचा दिवस बहुतेक वेळा आपसूकच नेहमीच्या वळणावर येतो. झापलं नसतं तरी आला असता.

आकडा हलणारच. पण किती हलला म्हणजे खरंच काही बिघडलं? १६ मे १९२४ रोजी वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन संशोधकाने आपल्या वरिष्ठांना पानभराच्या टिपणातून एक आलेख सुचवला : मध्ये सरासरीची रेघ, वर-खाली मर्यादेच्या रेघा. रोजचं उत्पादन साधारण सारखं असेल, तर सरासरीचं वर्गमूळ काढून त्याची तिप्पट तिच्यात मिळवायची आणि वजा करायची. सरासरी १० असेल तर मर्यादा साधारण १ ते १९. म्हणजे तो मंगळवारचा १४ अगदीच किरकोळ! पुढे १९४७-४८मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतातही येऊन गेले.

उगाच हात घालण्याची किंमत लेथवर लख्ख दिसते. २५ मिलिमीटरचा बुश (नळीसारखा भाग) २५.०१ निघाला की आमचा ऑपरेटर लगेच ऑफसेट, म्हणजे मशीनमधलं मापाचं सेटिंग, ०.०१ने मागे घेई. पुढचा २४.९८ आला की ०.०२ने पुढे. माणूस मोठा प्रामाणिक. पण मशीन मुळात नीट लागलेलं असेल, तर प्रत्येक जॉबमध्ये त्याची स्वतःची चूक आणि वर मागच्या चुकीची उलटी भर पडते. गणिताने मापांचं विचरण (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) दुप्पट होतं, पसारा सुमारे १.४ पट. काहीच न करणारा आळशी ऑपरेटर इथे जिंकतो.

आम्ही महिनाभराचे आकडे कागदावर मांडून रेघा मारल्या. बाहेर गेलेला ठिपका एकच. त्या दिवशी धातूच्या बारचा, म्हणजे कच्च्या मालाचा, नवा लॉट लागला होता. तो परत पाठवला. उरलेलं रोजचं दहाच्या आसपासचं रिजेक्शन कुणा एकाचं नव्हतंच. लेथच्या चकचे जॉ (जॉब घट्ट धरणारे जबडे) झिजले होते, आणि दुपारी मशीन तापलं की मापं सरकायची. नव्या चकच्या कोटेशनवर सही मात्र साहेबांचीच लागणार होती.