नगर पंचायतीतून कागदं कशी काढायची: माहिती अधिकाराचा अर्ज, फी अन् मुदत

वॉर्डातला सिमेंट रोड पहिल्याच पावसात उखडला की पानठेल्यावर चर्चा लय होते, पण बिल किती निघालं हे कोणालाच माहीत नसते. ते काढायचा सरळ रस्ता म्हणजे माहितीचा अधिकार, 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू असलेला कायदा, अन् नगर परिषद, नगर पंचायत, ग्रामपंचायत सगळ्या त्यात येतात.

अर्ज भारताचा कोणताही नागरिक करू शकते. त्याच वॉर्डाचं असायची गरज नाही, घरपट्टी थकलेली असली तरी त्यापायी अर्ज अडवता येत नाही. फक्त मंडळाच्या लेटरहेडवर नका देऊ, स्वतःच्या नावानं द्या. बाबू विचारते, "काहून पायजे तुम्हाले हे?" तर कलम 6(2) प्रमाणे कारण सांगायची गरजच नाही, म्हणून अर्जातही कारण लिहू नका, उगाच वाद वाढते.

कागदपत्रं जवळपास नाहीतच. 'जोडपत्र अ' च्या नमुन्यात अर्ज अन् 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तहसीलपाशी स्टॅम्प वेंडरकडे भेटते. रोख भरली तर पावती घ्या. बीपीएलवाल्यांना फी माफ, पण दाखल्याची झेरॉक्स जोडावी लागते. आधारची झेरॉक्स मागतात बरेच जण, कायद्यात तसं काही नाही. नमुना सोपा आहे: नाव, पत्ता, विषय, कोणत्या काळातली माहिती, माहितीचा तपशील, पोस्टानं पाहिजे का हातोहात. वर 'प्रति, जन माहिती अधिकारी' अन् ऑफिसचं नाव. तो अधिकारी कोण अन् त्याच्या वरचा अपिलीय अधिकारी कोण हे ऑफिसात बोर्डावर लावलेलं असायला पाहिजे, तिथून पदनाव उतरवून घ्या, अपीलाच्या वेळी लागते.

आता खरी गोष्ट. आपल्याकडचे निम्मे अर्ज मरतात ते प्रश्न विचारल्यामुळे. "रस्ता इतका निकृष्ट काहून झाला, याला जबाबदार कोण, कारवाई कधी करणार" असं लिहिलं की उत्तर येते, माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही, अन् खरं सांगायचं तर ते कायद्यात बसते. ऑफिसात जे कागद म्हणून आहे तेच द्यायचं बंधन आहे, मत द्यायचं किंवा खुलासा लिहून द्यायचं नाही, सुप्रीम कोर्टानं 2011 मध्येच हे सांगून ठेवलं. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा. असं:

"विषय: वॉर्ड क्र. 4 मधील शाळा ते बाजार चौक सिमेंट रस्त्याचं काम. कालावधी: 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024. तपशील: प्रशासकीय मान्यतेचा आदेश, तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या नोंदी, अदा केलेली देयके, यांच्या साक्षांकित प्रती."

झालं, इतकंच. मोजमाप पुस्तिका, म्हणजे आपली एमबी, तिच्यात लांबी-रुंदी-जाडी सगळं लिहिलेलं असते, ती हातात आली की टेप घेऊन रोडवर उभं राहता येते. राज्याच्या 2012 च्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय अन् साधारण 150 शब्द, त्यामुळे रोड, नाली अन् घरकुल एकाच कागदावर कोंबू नका, वेगळे अर्ज अन् वेगळे दहा रुपये.

घरकुलावरून आठवलं, अनुदानाच्या योजनांचे लाभार्थी कोण ही माहिती कलम 4 प्रमाणे ऑफिसनं स्वतःहून जाहीर करायची आहे, आधी नोटीस बोर्ड पाहून घ्या. पण कोणाची सुट्ट्यांची फाईल, कोणाचं आजारपण असं खासगी काही मागाल तर कलम 8 दाखवून नाकारतात, अन् ते कलम आता आधीपेक्षा कडक झालं आहे.

कोणती फाईल मागायची तेच समजत नसलं तर आधी रेकॉर्ड पाहून घ्या. 2018 च्या शासन परिपत्रकाप्रमाणे स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 लोकांना रेकॉर्ड पाहू द्यायचं आहे. बऱ्याच बाबूंना हे 'माहीत नसते', म्हणून परिपत्रकाची एक झेरॉक्स खिशात असलेली बरी.

अर्ज आवकमध्ये द्या अन् दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. साहेब आल्यावर देतो म्हणाले तर तिथं भांडत बसू नका, स्पीड पोस्टानं पाठवा, पावती सांभाळा. राज्याचं ऑनलाईन पोर्टल पण आहे, आपलं ऑफिस यादीत दिसलं तर तिथूनही अर्ज जाते.

ऑफिसला मिळाल्यापासून 30 दिवसांत उत्तर पाहिजे, जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असला तर 48 तासांत. मधात एक पत्र येते, इतकी पानं आहेत, पानामागं 2 रुपये भरा. पैसे भरेपर्यंतचे दिवस 30 मध्ये धरत नाहीत, म्हणून लवकर भरून मोकळं व्हा. मुदत उलटून गेली असेल तर मात्र माहिती फुकट द्यावी लागते, कलम 7(6), हे त्या पत्राच्या उत्तरात लिहा.

आपल्याकडे भामरागड, कोरची, झरी जामणीसारखी तालुक्याची गावं ग्रामपंचायतीची नगर पंचायत झाली, तिथं जुनं रेकॉर्ड आमच्याकडे नाही, पंचायत समितीत पहा, असं ऐकायला येते. पाहायचं काम तुमचं नाही. कलम 6(3) प्रमाणे त्यांनीच 5 दिवसांत अर्ज तिकडे पाठवून तुम्हाला कळवायचं.

उत्तरच नाही किंवा अर्धवट आलं तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील, जोडपत्र ब, 20 रुपयांचा स्टॅम्प. त्याचा निकाल 30, जास्तीत जास्त 45 दिवसांत. तिथंही जमलं नाही तर 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, जोडपत्र क, परत 20 रुपये. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिमवाल्यांना अमरावती खंडपीठ, विदर्भातल्या बाकी सहा जिल्ह्यांना नागपूर. आयोग माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 प्रमाणे 25,000 पर्यंत दंड करू शकते, पण आयोगात तारीख लागायला लय वेळ जाते, म्हणून पहिल्या अपीलाच्या सुनावणीलाच स्वतः हजर रहा, पोच अन् आलेली सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावून न्या, बऱ्याचदा फाईल त्याच दिवशी समोर येते.