केरीच्या गावस्पर्धा (गेलिक फुटबॉल)

केरीच्या गावस्पर्धा : आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला केरी ही काउंटी, म्हणजे जिल्हा, आहे. तिथल्या खेड्यापाड्यांतले क्लब गेलिक फुटबॉलच्या ज्या स्थानिक स्पर्धा वर्षभर लढवतात, त्यांची आणि त्या खेड्यांची ही नोंद. काउंट्यांच्या संघांमधले अखिल आयर्लंड अजिंक्यपद केरीने आजवर ३९ वेळा जिंकले आहे, शेवटचे २०२५ मध्ये. इतकी विजेतेपदे दुसऱ्या कोणत्याही काउंटीकडे नाहीत. जुलै महिन्यात डब्लिनच्या क्रोक पार्कवर हिरव्या-सोनेरी जर्सीत उतरणारा हा संघ जगाला दिसतो. तो घडतो मात्र अशा मैदानांवर, जिथे कुंपणापलीकडे गायी चरत असतात आणि सामना बघायला आलेल्या माणसांपैकी निम्मी खेळाडूंच्या नात्यातली असतात.

खेळ

गेलिक फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूला १५ खेळाडू असतात आणि क्लबांचा सामना ६० मिनिटे चालतो. चेंडू हातात घेता येतो, पण तो धरून चारपेक्षा जास्त पावले टाकता येत नाहीत. पुढे पळायचे तर तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायावर टाकून पुन्हा हातात उडवावा लागतो. या दुसऱ्या प्रकाराला सोलो म्हणतात आणि तिथली पोरे घराच्या अंगणातच तो गिरवत मोठी होतात. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. चेंडू आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांड्यावरून खांबांच्या मधून गेला तर पॉइंट, म्हणजे एक गुण. २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला दोन गुण मिळतात. धावसंख्या बेरीज न करता लिहिली जाते : १-११ म्हणजे एक गोल आणि अकरा पॉइंट, एकूण १४ गुण.

प्रत्येक गोलामागे पांढरा कोट घातलेले दोन गोलपंच उभे असतात. गोल झाला की हिरवे निशाण, पॉइंटला पांढरे आणि दोन गुणांच्या पॉइंटला नारिंगी. गावपातळीवरच्या सामन्याचा पंच बहुधा हे चौघे स्वतःच गाडीत घालून आणतो. ते त्याचे भाऊ, मुलगे किंवा शेजारी असतात. पावसात भिजलेला तो पांढरा कोट, गमबूट आणि निशाण उचलण्यापूर्वीचा क्षणभराचा विराम हे ज्याने एकदा जवळून पाहिले, त्याला या खेळाची गावाशी असलेली गाठ वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पॅरिश आणि क्लब

गेलिक अॅथलेटिक असोसिएशन ही संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतील थर्लस गावी, हेज हॉटेलात स्थापन झाली. मायकल क्यूसॅक आणि मॉरिस डॅव्हिन हे तिचे मुख्य प्रवर्तक. आर्चबिशप टॉमस क्रोक तिचे आश्रयदाते झाले. क्रोक पार्क हे नाव त्यांच्यावरूनच आले. देश तेव्हा ब्रिटिश अमलाखाली होता आणि आपले देशी खेळ आपण जपायचे ही जिद्द स्थापनेमागे होती. संस्थेने क्लबासाठी वेगळी हद्द आखली नाही. कॅथलिक चर्चचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतली गावे आणि वाड्या, हाच क्लबाचा मुलूख ठरला.

सगळी गोम इथे आहे. खेळाडू आपला क्लब निवडत नाही. जिथे जन्मला, वाढला, तिथला तो. ओढ्याच्या अलीकडे घर असेल तर एक जर्सी, पलीकडे असेल तर दुसरी. क्लब बदलणे नियमाने अवघड आणि लोकांच्या नजरेत त्याहून अवघड. खेळाडूंना पैसेही मिळत नाहीत. काउंटीकडून खेळणारा माणूस सोमवारी शाळेत शिकवायला किंवा गोठ्यात दूध काढायला जातो. त्यामुळे पैसेवाला क्लब चांगला खेळाडू विकत घेऊ शकत नाही आणि लहान गावात एखादा हिरा निपजला तर तो त्याच गावाचा राहतो.

केरीची शिडी

इतर काउंट्यांप्रमाणे केरीतही क्लबांचे दर्जे आहेत : वर सीनियर, मग इंटरमीडिएट, मग ज्युनियर, आणि अगदी तळाला नॉव्हिस. इथे ज्युनियर हा शब्द वयाचा नसून दर्जाचा आहे. केरीचे वेगळेपण असे, की सीनियर दर्जाचे क्लब मुद्दाम मोजके ठेवलेले आहेत. उरलेल्या क्लबांतले चांगले खेळाडू एकत्र करून विभागाचा संघ बनतो आणि तो सीनियर क्लबांच्या बरोबरीने काउंटीच्या अजिंक्यपदासाठी उतरतो. ईस्ट केरी, साउथ केरी, मिड केरी आणि वेस्ट केरी हे असे संघ. उत्तरेकडे फील रेंजर्स आणि शॅनन रेंजर्स आहेत, दोन्ही नद्यांच्या नावांवरून.

एका गावाचे उदाहरण घेतले की हे लगेच कळते. फॉसा हे किलार्नीजवळचे, लॉक लेन सरोवराच्या काठचे खेडे. डेव्हिड आणि पॉडी क्लिफर्ड हे भाऊ तिथले. डेव्हिड २०२२ मध्ये देशातला वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला, आणि त्याच हंगामात त्याचा क्लब ज्युनियर दर्जात खेळत होता. काउंटी अजिंक्यपदात हे दोघे भाऊ ईस्ट केरीकडून उतरत. क्लबाच्या सामन्यात गावातल्याच, कधी काउंटीच्या जवळपासही न पोहोचलेल्या पोरांच्या खांद्याला खांदा लावून. जानेवारी २०२३ मध्ये फॉसाने टायरोन काउंटीच्या स्टुअर्ट्सटाउन हार्प्सला हरवून ज्युनियर क्लबांचे अखिल आयर्लंड विजेतेपद घेतले. त्याच महिन्यात ईस्ट केरीतल्याच राथमोरने टायरोनच्याच गॅलबली पिअर्सेसला हरवून इंटरमीडिएट विजेतेपद घेतले. त्या राथमोर संघात शेन रायन आघाडीवर खेळत होता. काउंटीच्या संघात तो केरीचा गोलरक्षक आहे! गावाला जिथे माणूस कमी पडतो, तिथे तो उभा राहतो.

या व्यवस्थेवर बाहेरून टीका होते आणि तिच्यात तथ्य आहे. सीनियर क्लब मोजकेच ठेवले की, दुसऱ्या काउंटीत सहज सीनियर ठरले असते असे क्लब केरीत इंटरमीडिएट ठरतात, आणि मग देशपातळीवर त्या दर्जाची विजेतेपदे केरीत येऊन पडतात. पण दुसरी बाजू जास्त वजनदार आहे असे वाटते. तीनशे घरांच्या गावाने शहरी क्लबाकडून दर रविवारी मार खाण्यापेक्षा आपल्या तोलाच्या गावाशी खेळावे, आणि त्या गावातल्या गुणी पोराला मात्र वरच्या दर्जाचे दार उघडे राहावे, हे दोन्ही साधणारी रचना दुसरीकडे इतकी जमलेली नाही. विभागीय संघांची ताकद जुनी आहे. क्लबांची अखिल आयर्लंड स्पर्धा १९७०-७१ मध्ये सुरू झाली, तिचा पहिला विजेता ईस्ट केरी हाच होता. आता मात्र काउंटी विभागीय संघाने जिंकली तरी पुढे प्रांतिक स्पर्धेला क्लबच जातो.

केरीत आणखी एक जुनी रीत आहे : काउंटी अजिंक्यपद जिंकणाऱ्याकडे पुढच्या वर्षी केरीचे कर्णधारपद सुचवण्याचा मान जातो. २०२४ मध्ये किलार्नीच्या डॉ. क्रोक्सने काउंटी जिंकली, म्हणून जुलै २०२५ मध्ये अखिल आयर्लंड विजेत्याला मिळणारा सॅम मॅग्वायर चषक त्यांच्या गॅव्हिन व्हाइटने उचलला. ऑक्टोबरातल्या चिखलात झालेल्या सामन्याचा निकाल असा नऊ महिन्यांनी ऐंशी हजारांच्या मैदानात दिसतो.

हिवाळ्यातले चषक

काउंटीच्या स्पर्धा आटोपल्या की विभागांचे स्वतःचे चषक सुरू होतात. पूर्वेला ओडोनोह्यू चषक, उत्तरेला नॉर्थ केरी चॅम्पियनशिप, शिवाय पश्चिमेच्या, दक्षिणेच्या आणि मधल्या विभागाच्या आपापल्या. इथे दर्जा गळून पडतो; विभागातला सीनियर क्लब आणि ज्युनियर क्लब समोरासमोर येतात, आणि बहुतेक वेळा ते शेजारी असतात. अंतिम सामने नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत लांबतात. दिवस चार-साडेचारला मावळतो, जमीन पाण्याने भरलेली असते, चेंडू जड होतो. सुबक फुटबॉल अशा दिवशी दिसत नाही. पण ज्या गावाने वीस-पंचवीस वर्षांत काही जिंकलेले नसते, त्याला अशा सामन्याचे मोल काय असते, हे संघ परतताना वेशीवर पेटवलेल्या शेकोट्यांवरून कळते. चषक घेऊन संघ गावात शिरतो, शाळेत जातो, मग पबमध्ये. ज्यांनी पूर्वी तो चषक आणला आणि जे आता हयात नाहीत, त्यांच्या कबरीपर्यंतही तो नेला जातो.

काही गावे

दक्षिणेच्या इव्हरा द्वीपकल्पात वॉटरव्हिल आणि ड्रोमिड हे शेजारी पॅरिश आहेत. वॉटरव्हिलचे मिक ओड्वायर यांनी १९७५ ते १९८६ या काळात प्रशिक्षक म्हणून केरीला आठ विजेतेपदे मिळवून दिली. ड्रोमिडचे जॅक ओकॉनर यांनी २००४, २००६, २००९, २०२२ आणि २०२५ अशी पाच. म्हणजे केरीच्या ३९ पैकी १३, बरोबर एक तृतीयांश, या दोन लगतच्या खेड्यांतल्या दोन माणसांच्या हाताखाली आली.

त्याच किनाऱ्यावर व्हॅलेन्शिया बेट आहे. अटलांटिकपार जाणारी पहिली तार याच बेटावरून टाकली गेली, पण मुख्य भूमीला जोडणारा पूल १९७१ पर्यंत नव्हता. केरीचे थोर मध्यरक्षक मिक ओकॉनल इथले. १९५९ मध्ये ते कर्णधार होते. त्यानंतर १९६२, १९६९ आणि १९७० मध्येही ते विजेत्या संघात होते. म्हणजे चारही विजेतेपदे पुलाच्या आधीची. सरावाला जायचे तर आधी होडी वल्हवत खाडी ओलांडायची, मग मोटारीने पुढे, परततानाही तेच.

उत्तरेच्या मॉयव्हेन गावचे कॉन ब्रॉस्नन यांची हकिकत या नोंदीत वगळता येण्यासारखी नाही. १९२२-२३ च्या यादवी युद्धात केरीने फार रक्त पाहिले. ब्रॉस्नन सरकारी सैन्यात कॅप्टन होते. ट्रलीचे जॉन जो शीही विरोधी पक्षाचे, फरारी. युद्ध संपल्यावरही पकडले जाण्याची भीती असताना शीहींना मैदानात येऊन खेळता यावे आणि सामन्यानंतर सुखरूप निघून जाता यावे, अशी तजवीज ब्रॉस्नन यांनी केली. १९२४ च्या अजिंक्यपदात दोघे एकाच जर्सीत खेळले आणि केरी जिंकली. पुढे शीही केरीचे कर्णधार झाले आणि १९३१ मध्ये ब्रॉस्ननही. ज्या पंचक्रोशीत दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, तिथे एका संघाने हे केले.

पश्चिमेला डिंगल द्वीपकल्पाचे टोक आयरिश भाषिक आहे. तिथल्या क्लबाचे नावच अन गेल्टॅक्ट, म्हणजे आयरिश बोलणारा मुलूख. मैदानात हाका, शिव्या, प्रशिक्षकाचे बोल सगळे आयरिशमध्ये. देशभरच्या अशा क्लबांसाठी १९६९ पासून जून महिन्यात वेगळी स्पर्धा भरते. पहिली डोनेगॉल काउंटीतल्या ग्वीडोरमध्ये झाली. भाषा पुस्तकात जपण्यापेक्षा खेळात जपली तर ती जास्त तगते, याचा हा चांगला पुरावा आहे.

महिलांचा खेळ

महिलांची गेलिक फुटबॉल संघटना १९७४ मध्ये, त्याच थर्लसच्या हेज हॉटेलात स्थापन झाली. केरीच्या महिलांनी १९८२ ते १९९० अशी सलग नऊ विजेतेपदे घेतली, मग १९९३ चे एक आणि त्यानंतर थेट २०२४. मधल्या दीर्घ दुष्काळात गावचे क्लबच टिकले. दक्षिणेला सदर्न गेल्स हा क्लब अनेक पॅरिशच्या मुली मिळून चालतो, कारण एकट्या पॅरिशमध्ये पंधरा जणी जमत नाहीत.

घटती गावे

हीच अडचण आता पुरुषांच्या क्लबांनाही भेडसावते आहे. किलार्नी आणि ट्रलीभोवतीची गावे वाढतात. इव्हरा द्वीपकल्पातली आणि सागरकाठची ओसरतात. तरुण डब्लिन, कॉर्क, लंडन, सिडनीला जातात. गावात घर बांधायची परवानगी आणि परवडणारे घर दोन्ही दुर्मीळ, आणि किनाऱ्यावरची कितीतरी घरे सुटीपुरती उघडतात. प्राथमिक शाळेचा पट घसरला की दहा-बारा वर्षांनी त्याचा हिशेब फुटबॉलच्या यादीत दिसतो. लहान वयोगटात शेजारचे दोन-तीन क्लब एकत्र संघ उतरवतात, किंवा पंधराऐवजी अकरा वा नऊ जणांचे सामने खेळवले जातात. डब्लिनच्या उपनगरातल्या एकेका क्लबात मात्र हजारो सभासद असतात.

२०२२ पासून हंगामाचे दोन भाग झाले : काउंटीचे सामने जुलैअखेर संपतात आणि पुढचे महिने क्लबांचे. त्यामुळे बाहेरगावी नोकरी करणाऱ्या पोराला निदान कधी गाडी काढायची ते आधी कळते. शुक्रवारी काम आटोपून डब्लिनहून निघालेला खेळाडू इव्हरातल्या कॅहरसिव्हीनला पोहोचेपर्यंत मध्यरात्र होते. रविवारी सामना खेळून तो त्याच रस्त्याने परत जातो. क्लबाची आठवड्याची लॉटरी, मैदान कापणारा म्हातारा, जर्सी धुणारे घर आणि स्थानिक वर्तमानपत्रात क्लबाचे वृत्त लिहून धाडणारा चिटणीस, हे सगळे फुकट राबतात. मोठ्यांचे संघ एकत्र करायची वेळ आली की गावाची बैठक तासन्‌तास चालते, आणि सगळ्यात जास्त वेळ नव्या क्लबाचे नाव आणि जर्सीचा रंग ठरवण्यात जातो.