लंडनखालची काळी माती

एखादे प्राचीन शहर लयाला गेले म्हटले की ते शत्रूने जाळले असणार, असे आपण सहज गृहीत धरतो. रोमन लंडनच्या पोटात जळिताचा थर आहेही. परंतु भाजून लाल झालेल्या मातीचा तो थर इ. स. 60-61 मध्ये बूडिका या स्थानिक राणीने रोमनांविरुद्ध केलेल्या उठावाचा असून त्यानंतर शहर पुन्हा उभे राहिले आणि अधिकच भरभराटले. ऱ्हासाची खूण बरीच वर आहे : गडद, जवळजवळ काळ्या मातीचा, काही ठिकाणी सुमारे 1 मीटर जाडीचा थर, ज्यात फरशी, भिंत वा रस्ता यांचा मागमूस लागत नाही.

ही बागायतीसाठी बाहेरून आणून टाकलेली माती असावी, असे पूर्वी काही उत्खननकारांना वाटे. रिचर्ड मॅकफेल यांच्यासारख्या मृदातज्ज्ञांनी मात्र ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मातीचा ठोकळा न मोडता डबीत कापून घ्यायचा, वाळवून त्यात राळ मुरवायची आणि तो दगडासारखा कडक झाला की प्रकाश आरपार जाईल असा सुमारे 0.03 मिलिमीटर जाडीचा काप काढायचा, अशी ही पद्धत आहे. त्या कापांत चुलीतला कोळसा, कुडाच्या भिंतींवरच्या लिंपणाचे तुकडे, चुन्याचा गिलावा, हाडांचा चुरा आणि गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकेचे सूक्ष्म कण सापडले. म्हणजे या मातीचा बराचसा भाग कुजलेली घरे आणि गवताने शाकारलेली छपरे यांचाच होता.

त्यांची माती केली ती मुख्यतः गांडुळांनी. 1877 मध्ये सरे परगण्यातल्या अ‍ॅबिंजर येथील रोमन अवशेषांत डार्विनने गांडुळे जुन्या फरशीतून वर येताना पाहिली होती; ती दर एकरी वर्षाला 10 टनांहून अधिक माती पृष्ठभागावर आणतात, असा त्याचा अंदाज होता. बारीक माती अशी वर येत राहते, नाणी आणि खापरे खाली सरकतात, आणि एकावर एक साचलेले थर एकजीव होतात. (शापाने एका रात्रीत ओस पडलेल्या नगरींच्या कथा रंगवणाऱ्यांना हा संथ कारभार फारसा मानवणार नाही.)

अडचण येते ती कालनिर्णयात. काही जागी काळ्या मातीखालची शेवटची शाबूत फरशी दुसऱ्या शतकातली आहे, तर ब्रिटनमधली रोमन सत्ता इ. स. 410 च्या सुमारास संपली. म्हणून शहराला दोनशे वर्षे आधीच उतरती कळा लागली होती, असा निष्कर्ष काढला गेला. पण तिसऱ्या-चौथ्या शतकांत तिथे लाकडाची हलकी घरे उभी असतील, तर त्यांच्या जमिनी गांडुळांनी पचवल्या असणे शक्य आहे, आणि तसे असल्यास शेवटची दिसणारी फरशी हा वस्तीचा शेवट ठरत नाही. त्यामुळे वस्ती नेमकी कधी विरळ झाली, हे प्रत्येक जागी वेगळे तपासावे लागते.

रोमनोत्तर काळाबद्दल मात्र रोमन शहराच्या तटाबाहेरचा पुरावा अधिक स्पष्ट आहे. इ. स. 604 मध्ये तटाच्या आत सेंट पॉलचे चर्च स्थापन झाले, तरी रोमनांनंतर आलेल्या सॅक्सन लोकांची सातव्या शतकापासून वाढलेली व्यापारी पेठ पश्चिमेला, आजच्या स्ट्रँड आणि कॉव्हेंट गार्डनच्या भागात होती. सॅक्सन राजा आल्फ्रेडने 886 मध्ये जुन्या तटाआतले शहर पुन्हा वसते केले.