घडी वेगळी, रीत वेगळी

लांबलचक सुट्टी संपली की लहान मुलांच्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "सगळी घडी विस्कटली." त्याच घरात सुट्टीच्या आधी "आपल्याकडे असंच करतात" हेही चार वेळा तरी बोलून झालेलं असतं. दोन्ही वेळी बोलणारे तेच आईबाप, मूल तेच. आणि ज्याबद्दल बोलणं चाललंय तेही बाहेरून सारखंच दिसतं : ठरलेल्या क्रमाने, पुन्हा पुन्हा केलेलं काहीतरी. गल्लत इथेच होते. पहिल्या वाक्यात दिनक्रमाची घडी आहे, दुसऱ्यात घरातली रीत. या दोघींना एकच समजलं की जिथे सैल सोडायला हवं तिथे आपण ताणतो आणि जिथे धरून ठेवायला हवं तिथे खुशाल सोडून देतो.

दोघी ओळखायच्या कशा? आपल्या भाषेतलं एक क्रियापद यात फार कामी येतं : उरकणे. दात घासणं उरकतो, आंघोळ उरकतो, दप्तर भरणं उरकतो, आणि त्यात कोणालाच काही खटकत नाही. पण "वाढदिवस उरकला" असं कोणी म्हणालं, की ऐकणाऱ्याला लगेच कळतं, काहीतरी बिनसलंय. जे उरकून चालतं ती घडी.

दुसरी खूण म्हणजे ते एखाद्या दिवशी राहिलं तर काय होतं. संध्याकाळची आंघोळ राहिली तर मूल जरा चिकट अंगाने झोपतं, बस्स. पण दिवा घालवण्याआधी बाबा रोज जो चमत्कारिक आवाज काढतात तो राहिला, तर दोन मिनिटांनी अंधारातून हाक येते. शिवाय दात कोणीही घासून देऊ शकतं. आजी, मावशी, सांभाळायला येणाऱ्या ताई. तो आवाज मात्र बाबांनीच काढायचा असतो. मावशीने हुबेहूब काढला तरी तो चुकीचाच.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बार्बरा फीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली या विषयावरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यांची मांडणी थोडक्यात अशी : दिनक्रमामागे 'हे करायला हवं' हा भाव असतो आणि रीतीमागे 'आपण असे आहोत' हा. दिनक्रम झाला की त्याचा विचार संपतो. रीत झाल्यावरही मनात रेंगाळते, तिची आठवण काढली जाते, पुढच्या वेळची वाट पाहिली जाते.

त्याआधी 1984 मध्ये स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट यांनी कुटुंबातल्या रीतींचे तीन गट पाडले होते. एक, सगळा समाज मिळून करतो ते सणसोहळे. दोन, त्या त्या कुटुंबाच्या परंपरा, म्हणजे वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, सुट्टीतल्या सहली. तीन, रोजचे ठरीव प्रसंग, म्हणजे रात्रीचं जेवण, झोपायची वेळ, घरी आलेल्याचं स्वागत. मला यातला तिसरा गट सगळ्यात मोलाचा वाटतो. 'सणावाराची ती रीत आणि रोजची ती घडी' ही आपली ढोबळ वाटणी तो मोडून काढतो. रीत मंगळवारी रात्री साडेआठलाही असू शकते.

आता मुलाच्या बाजूने पाहू. इथे मानसशास्त्रज्ञ कॅथरिन नेल्सन यांचं काम अगदी नेमकं बसतं. तीन वर्षांच्या मुलांना नेहमीच्या प्रसंगांबद्दल विचारलं तर ती 'काल काय झालं' यापेक्षा 'काय करतात' हे जास्त चांगलं सांगतात. "आधी हात धुतात, मग बसतात, मग जेवतात." म्हणजे मुलाच्या डोक्यात आधी घडी तयार होते आणि एकेकटा प्रसंग नंतर सुटा होतो. मोठ्या माणसांच्या सर्वात जुन्या आठवणी सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयापासूनच्या असतात हेही याच्याशी जुळतं. तेव्हा दहा महिन्यांच्या बाळासाठी केलेला थाटमाट बाळाच्या लक्षात राहणार नाही. तो आपल्यासाठी असतो. तसं मोकळेपणाने म्हणावं आणि खुशाल करावा.

दोन ते चार या वयात आणखी एक घोळ होतो. निळाच पेला. डावा मोजा आधी. लिफ्टचं बटण मीच दाबणार, आणि दुसऱ्याने दाबलं तर खाली जाऊन पुन्हा वर यायचं. आर्नोल्ड गेसेल यांनी अडीच वर्षांच्या मुलांचं हे कर्मठपण फार पूर्वीच टिपून ठेवलं आहे, आणि 1997 मध्ये डेव्हिड इव्हान्स व सहकाऱ्यांनी दाखवलं की 'अगदी अस्संच हवं' हा आग्रह या वयात सर्वसामान्य मुलांमध्ये जोरात असतो आणि पुढे ओसरतो. पालकांना हा कधी हट्ट वाटतो, तर कधी घरात नवी रीत रुजल्यासारखं वाटतं. तो यातलं काहीच नसतो. ते त्या वयाचं वागणं आहे. आम्ही त्या निळ्या पेल्याचा जोड मिळवायला एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. पेला घरात येईपर्यंत हिरव्याची सद्दी सुरू झाली होती.

रीत धरून ठेवण्यात मुलं मोठ्यांपेक्षा पक्की का असतात, याचं एक उत्तर भलत्याच ठिकाणी सापडतं. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी 2005 मध्ये चिंपांझींना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना एका पेटीतून बक्षीस कसं काढायचं ते करून दाखवलं. दाखवताना मुद्दाम काही निरुपयोगी कृतीही केल्या. पेटी पारदर्शक असली, आतलं सगळं दिसत असलं, तेव्हा चिंपांझींनी त्या बिनकामाच्या कृती गाळल्या आणि थेट बक्षीस काढलं. मुलांनी मात्र पारदर्शक पेटीवरही त्या जशाच्या तशा केल्या. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. मग लक्षात आलं की घडी आणि रीत यांच्यातला खरा फरक इथेच आहे. घडीतली बिनकामाची पायरी काढून टाकली की घडी सुधारते. रीतीतली बिनकामाची पायरी काढली तर रीतच उरत नाही, कारण ती पायरी म्हणजेच रीत. बाबांच्या त्या आवाजाचा झोपेला काडीचा उपयोग नाही.

घडीचं काम असं बिनकामाचं नसतं. जोडी मिंडेल यांच्या 2009 सालच्या अभ्यासात सात महिने ते तीन वर्षांच्या मुलांच्या 405 आया होत्या. काही घरांना दोन आठवडे रोज रात्री तोच क्रम पाळायला सांगितला : आंघोळ, मालिश किंवा अंगाला लोशन, मग शांतपणे करायचं काहीतरी, आणि आंघोळीनंतर अर्ध्या तासाच्या आत दिवे बंद. या घरातली मुलं अंथरुणात पडल्यावर पटकन झोपी जाऊ लागली, रात्री कमी वेळा उठू लागली आणि आयांची मनःस्थितीही सुधारली. यात कुठलाही भावनिक सोहळा नव्हता. नुसता क्रम होता.

म्हणून सुट्टीत दोघींची टक्कर होते तेव्हा आधी कोण दुखावलंय ते पाहावं. आमची मुलगी दोन वर्षांची असताना सगळे नातेवाईक जमले, सगळ्यांचा एकत्र फोटो काढायची ठरलेली वेळ आली आणि तिने रडून घर डोक्यावर घेतलं. "हिला माणसांची सवयच नाही," असा निकाल लागला. माणसांचा काही दोष नव्हता. दुपारची झोप बुडाली होती. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 11 ते 14 तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास, आणि हे आकडे दुपारची झोप धरून आहेत. पुढच्या वर्षी तोच फोटो सकाळी काढला. ती सगळ्यांच्या पुढे उभी.

माझा ठोकताळा असा आहे : सुट्टीत घड्याळ सोडावं, क्रम सोडू नये. झोप तासभर उशिरा झाली तरी आंघोळ, गोष्ट, दिवा हे त्याच ओळीने यावं. पाहुण्यांच्या घरी, गाडीत, तंबूत कुठेही ती ओळ मांडता येते. रीतीचं उलटं करावं. तिचा दिवस हलवा, जागा बदला, पसारा निम्म्यावर आणा, पण तिच्यातली ती एक खुळचट पायरी तेवढी सोडू नका.

घडी मुद्दाम बसवता येते. रीत बसवू गेलं तर बहुधा फसते. नव्या जोडप्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण दोघंही आपापल्या घरातून काही ना काही घेऊन आलेले असतात. वाढदिवस मध्यरात्री की सकाळी, यावर आमच्याकडे झालेला वाद आठवला की अजून लाज वाटते. एकाला जी रीत वाटते ती दुसऱ्याला नुसती गैरसोय वाटते. मग काही जण या सगळ्यावर उपाय म्हणून नव्या परंपरांची यादीच करतात. आम्हीही एका वर्षी सात ठरवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी आम्ही त्या उरकत होतो.

जी टिकली ती कोणी ठरवली नव्हती. सुट्टीच्या पहिल्या रात्री वीज गेली आणि आम्ही जमिनीवर गोल बसून टॉर्चच्या उजेडात जेवलो. टॉर्च उलटा धरल्यामुळे छतावर सगळ्यांच्या हातांच्या सावल्या पडल्या. इतकंच झालं. पुढच्या वर्षी त्याच रात्री ताटं घेताना मुलीने विचारलं, "दिवे कधी घालवायचे?" पायंडा पडलेला होता, आम्हाला पत्ताही नव्हता. आता धाकटा तीन वर्षांचा झालाय. गेल्या वेळी त्याने टॉर्च सरळ धरला, तर तिने तो काढून घेतला, उलटा करून त्याच्या हातात पुन्हा दिला आणि सांगितलं, "असा धरतात."