पाच वर्षांची अट गेली, कसोटी मात्र तशीच राहिली

अमेरिकेत एखाद्याने दिवाळखोरी जाहीर केली की क्रेडिट कार्डाची थकबाकी सुटते, हॉस्पिटलची बिलं सुटतात. शैक्षणिक कर्ज मात्र बहुतेकांच्या मानगुटीवरून उतरत नाही. हा नियम पूर्वापार चालत आला असेल असं वाटतं, पण तसं नाही. १९७६ पर्यंत दिवाळखोरी कायद्याच्या लेखी हे कर्ज चारचौघांसारखंच होतं.

१९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने केंद्र सरकार विद्यार्थ्यांच्या कर्जाला हमीदार राहिलं. पुढे दहा वर्षांत कुजबुज वाढली की नवे डॉक्टर-वकील पदवी हातात पडताच थेट कोर्टाची पायरी चढतात आणि कर्ज झटकून मोठ्या कमाईला मोकळे होतात. दिवाळखोरी कायद्याचा आढावा घेणाऱ्या आयोगाने १९७३ च्या अहवालात सुचवलं, की फेड सुरू झाल्यापासून पहिली पाच वर्षं ही माफी मिळू नये. प्रत्यक्षात सरकारी लेखापरीक्षकांनी हिशेब मांडला, तेव्हा फेडीला आलेल्या कर्जांपैकी दिवाळखोरीत बुडालेली निघाली एक टक्क्याहूनही कमी! पण तोवर अफवेने आपलं काम केलं होतं. १९७६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पाच वर्षांची अट घातली आणि १९७८ च्या नव्या दिवाळखोरी संहितेत ती कलम ५२३(अ)(८) म्हणून जाऊन बसली.

पाच वर्षं थांबवत नसेल तर एक पळवाट ठेवली होती, ‘अनड्यू हार्डशिप’ची, म्हणजे अवाजवी हलाखीची. अवाजवी म्हणजे किती, हे काँग्रेसने लिहिलंच नाही. ते कोर्टावर सोडलं, आणि खरी गोम तिथेच आहे.

१९८७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या केंद्रीय अपील कोर्टापुढे ब्रनर खटला आला. अर्जदार बाईंनी समाजकार्यात मास्टर्स केलं होतं, कर्ज सुमारे ९,००० डॉलर. पदवीनंतर अवघ्या काही महिन्यांत त्यांनी दिवाळखोरी जाहीर केली होती. हप्ते सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तोच त्यांनी माफी मागितली. मुदतवाढ मागून पाहिली नव्हती. कोर्टाने नोंदवलं की त्या आजारी नाहीत, वृद्ध नाहीत, त्यांच्यावर कोणी अवलंबून नाही. माफी नाकारली आणि तीन प्रश्नांची कसोटी घालून दिली: कर्ज फेडत राहिल्यास किमान राहणीमान तरी जमेल का? ही ओढाताण फेडीच्या मुदतीचा बराच काळ टिकेल असं दिसतं का? आणि फेडण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाला का?

त्या प्रकरणात ही कडक कसोटी मला तरी गैर वाटत नाही. पाच वर्षं कळ काढली असती, तर त्या बाईंना हलाखी सिद्ध करायची गरजच पडली नसती. कसोटी होती ती घाई करणाऱ्यांसाठी.

मग काँग्रेसने ती पाच वर्षंच हलवायला सुरुवात केली. १९९० मध्ये पाचाची सात झाली. हप्त्याहप्त्याने देणी फेडण्याच्या चॅप्टर १३ मधून शैक्षणिक कर्जाला वाट मिळत होती, तीही त्याच वर्षी बुजवली. १९९८ मध्ये मुदतच काढून टाकली. आता दोन वर्षं थांबा नाहीतर वीस, सरकारी कर्जाला दार एकच, हलाखीचं. २००५ च्या दुरुस्तीने बहुतेक खासगी शैक्षणिक कर्जंही त्याच दाराशी आणून उभी केली. घाईवाल्यांसाठी बेतलेली कसोटी अशी पन्नाशी-साठी गाठलेल्यांनाही लागू झाली. काही कोर्टं, विशेषतः आठव्या सर्किटमधली (सर्किट म्हणजे केंद्रीय अपील कोर्टाचा विभाग), ब्रनरच्या कसोटीऐवजी एकूण परिस्थिती पाहतात. बाकी बहुतेक देशात ब्रनरच चालतं.

त्यात माफी आपोआप विचारात घेतली जात नाही. दिवाळखोरीच्या अर्जाखेरीज सावकारावर वेगळा दावा लावावा लागतो. समोर सरकारी किंवा कंपनीचे वकील, उलटतपासणीत महिन्याच्या खर्चाची ओळ न् ओळ. खिशात दमडी नाही हे सिद्ध करायला आधी वकिलाची फी जमवायची! त्यामुळे दिवाळखोरीत गेलेले बहुतेक कर्जदार या वाटेला जातच नव्हते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये न्याय विभाग आणि शिक्षण विभागाने कायद्याला हात न लावता आपल्याच वकिलांची वागणूक बदलली. कर्जदाराने उत्पन्न-खर्चाचं शपथपूर्वक निवेदन भरायचं, खर्च वाजवी आहे का हे प्राप्तिकर खात्याच्या ठरावीक मापांवर पाहायचं. वय ६५ च्या पुढे असेल, पदवी पुरीच झाली नसेल किंवा कर्ज फेडीला येऊन दहा वर्षं उलटली असतील, तर पुढेही फेडणं जमणार नाही असं धरून चालायचं. आकडे जुळले तर सरकारी वकिलाने विरोध न करता माफीला संमती द्यायची; अखेरचा शब्द मात्र न्यायाधीशाचाच. ही सवलत आहे शिक्षण विभागाच्या ताब्यातल्या कर्जापुरती. खासगी कंपनीचं कर्ज असेल, तर तिचा वकील आजही १९८७ चे तेच तीन प्रश्न घेऊन उभा राहतो.